जव, खजूर, तीळ

पहिला फटका मारला तेव्हा हयातला खरं तर मारायचं नव्हतं. सीदी बहरीच्या बाजारातून जव, खजूर आणि तीळ घेऊन ती मेट्रोच्या थांब्याकडे निघाली होती. पिशवीचा पट्टा खांद्याला, घराच्या किल्ल्या सवयीने मुठीत. मागून हिसका बसला, पट्टा तुटला, ती फरसबंदीवर गुडघ्यांवर आपटली आणि ओरडायला तोंड उघडते न उघडते तोच गर्दीने त्या माणसाला धरलंही होतं. धरलं कसलं, गिळलंच. भाजीवाले, कोथिंबिरीच्या जुड्या लावून बसलेल्या बायका, थांब्यावर ताटकळलेले लोक असे धावले, जणू सकाळपासून सगळे ह्याचीच वाट पाहत होते. ती लंगडत पोचली तेव्हा तो मासळीच्या फळ्यांजवळ खाली पडला होता आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्याच्या कॉलरमधून आत जात होतं. रबरी एप्रन घातलेल्या एका दांडग्या मासेवाल्याने त्याला केसांना धरून उठवलं आणि गिऱ्हाइकाला माशाचे कल्ले उघडून दाखवावेत तसा त्याचा चेहरा तिच्यासमोर वर केला. "लल्ला," तो बाईंना हाक मारावी तसं अदबीने म्हणाला, "हाच ना?" "हाच." "मग घ्या. पहिला हक्क तुमचा." सगळे थांबले. इतक्या माणसांनी आपल्यासाठी थांबावं, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आता काहीच न करता पिशवी उचलून निघून जाणं हा त्यांचा अपमान झाला असता. तिने त्याच्या गालावर हलकेच एक चापट मारली. मागून एक बाई हसली, "अगं बये, माशी मारतेस का?" सगळे हसले. तोसुद्धा हसल्यासारखं तिला वाटलं. कदाचित तोंड दुखत असेल म्हणून ओठ तसे झाले असतील. पण तिला तो हसला असंच वाटलं, आणि मग तिचा हात तिचा राहिला नाही.

मुठीत किल्ल्या आहेत हे ती विसरली होती. भुवई फाटली तेव्हा तो आवाज तिला आधी हातात कळला, मग कानात. रक्त लगेच आलं नाही. आधी पांढरी चीर दिसली, खजुरातून बी काढताना दिसते तशी, आणि मग ती भरली. तिने पुन्हा मारलं. डोळ्यावर, कानावर, त्याने हात आडवा घातला तर त्या हाताच्या हाडावर. छातीत इतकी वर्षं कसलं तरी ओझं होतं हे तिला ते उतरायला लागल्यावरच कळलं. अंगातून ऊन वाहत होतं. बाळंत झाल्यावर वाटली होती तशी ती हलकी हलकी होत चालली. "आई, बस," तो म्हणाला. "आई, पुरे आता." तो तिच्याहून फार तर सात-आठ वर्षांनी लहान असेल. ह्या शहरात अनोळखी बाईला आई म्हणतातच, त्यात काही नाही. पण त्या शब्दाने तिला आणखी जोर आला. शेवटी काखेत पाव धरलेल्या एका म्हाताऱ्याने तिचं मनगट पकडलं. घट्ट नाही, नाडी बघतात तसं. "पुरे, पोरी," तो म्हणाला. "आता तो चोर राहिला नाही. आता तो नुसता माणूस आहे." पोलीस आले, त्याला उचलून नेताना त्यातल्या एकाने तिला विचारलं, "तक्रार लिहायचीय?" ती म्हणाली, "काही गेलं नाही माझं." त्याने तिच्या मुठीकडे पाहिलं आणि हसला. "खरंय. तुमची वसुली झालेलीच दिसते."

खजुराचा दाबलेला गोळा प्लास्टिकमध्ये शाबूत होता, जवाची पुडीही. तिळाची मात्र फुटली होती. तीळ बर्फाच्या पाण्यात, माशांच्या खवल्यांत कालवले गेले होते, आणि खवले कुठले, तीळ कुठले कळत नव्हतं. ती वाकून बघत राहिली. तेव्हा मघाशी हसलेली ती बाई पुढे आली. धान्याची पोती लावून बसणारी जाडजूड बाई होती. तिने कागदात दोन ओंजळी तीळ बांधले आणि हयातच्या हातात कोंबले. हयात खिशात पाकीट शोधायला लागली तशी ती म्हणाली, "राहू दे गं. आज तू आमच्या सगळ्यांचं काळीज गार केलंस."

मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीवर उजवा हात. बोटं सुजायला लागली होती आणि मधल्या बोटाच्या सांध्यावरचं कातडं सोलवटून निघालं होतं. कधीही न पाहिलेली वस्तू बघावी तसं ती त्या हाताकडे बघत होती, पण तो हात तिला नवा नव्हता. तशीच रुंद नखं, तसाच अंगठ्याखालचा फुगलेला मांसल भाग. तिच्या आईचा हात. आई, खदूजा, बाब सुवीका वेशीमागच्या बोळात लोकांच्या घरचा बसीसा दळून द्यायची. जव, गहू, हरभरे भाजायचे, बडीशेप-मेथी घालून दळायचे आणि पिशव्या भरून मोठ्या घरांतून पोचवायच्या. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणी नव्या घराचा पाया घातला, की लोक तेलात कालवून बसीसा वाटत. तो कधी खदूजाच्या घरी कालवला गेला नाही. नवरा तिला टाकून गेला होता आणि तिच्या हाताखाली तीन पोरी होत्या. धान्य लोकांचं, पीठ लोकांचं, आणि तव्यावरचा दाणासुद्धा पोरीच्या तोंडात गेला तर तो लोकांच्या मालातून गेला. तेव्हा ती मारायची. पितळी खलातल्या बत्त्याने बोटांच्या सांध्यांवर मारायची, आणि खोटं बोललं तर ओठांवर तिखट चोळायची. एकदा हयातने भाजलेल्या तिळांची मूठ उचलली होती. अजून कोमट, अजून तडतडणारे तीळ, आणि त्यांच्या वासाने पोट आतून ओरबाडत होतं. आईने ती मूठ तशीच धरली आणि तव्याच्या कडेवर टेकवली. मूठ उघडेपर्यंत धरून ठेवली. हयातने मूठ उघडली नव्हती, हे तिला नीट आठवतं. चरचर आवाज आला, वास आला, आणि तरी तिने मूठ उघडली नव्हती. शेवटी आईनेच हात सोडला आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून बसली. ते तीळ मग हयातने खाल्ले की नाही, हे मात्र तिला कधीच आठवत नाही. ती जागा कोरी आहे. मेट्रो झटका देऊन थांबली, कुणाचा तरी कोपर तिच्या दंडाला लागला, आणि तिच्या अंगात ते ऊन पुन्हा उसळलं. तिने दात आवळले. धक्का देणारी बाई म्हणाली, "माफ कर हं, ताई." हयातने पिशवी पोटाशी ओढून घेतली.

हा सगळा खटाटोप वड्यांसाठी होता. सिरीन, तिची मुलगी, चौदा वर्षांची, शाळेच्या संघातून धावायची, आणि उद्या रविवारी स्टेडियमवर शर्यती होत्या. दोन धावांच्या मधे मुलींनी काही तरी पोटाला आधार देणारं खायला हवं, असं त्यांचे शिक्षक सी लतीफ, म्हणजे लतीफ सर, ह्यांनी पालकांना बोलावून सांगितलं होतं. त्यांनी एक चकचकीत वेष्टनातली पट्टी वर धरून दाखवली होती. "असलं काही तरी. बिस्किटं नकोत, चिप्स नकोत." आया एकमेकींकडे बघायला लागल्या. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिवण मारून हयात जे आणायची त्यात असल्या पट्ट्या घरात आल्या असत्या तर महिनाअखेर चूल बंद झाली असती. नवरा इटलीला गेला होता, त्याचे फोन आधी दर आठवड्याला यायचे, मग सणाला, मग तेही थांबले. पण तिने हात वर केला आणि वेष्टन मागून घेतलं. पाठीमागची बारीक अक्षरं वाचली आणि भर सभेत मोठ्याने म्हणाली, "हे तर आमच्या बसीसाचंच आहे सगळं. ओटऐवजी जव घातले की झालं. मी करून आणते, नऊही मुलींना." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिरीनने मान खाली घातली होती. घरी येताना ती म्हणाली होती, "सगळ्यांसमोर कशाला बोललीस? आता नीट नाही झालं तर मलाच ऐकावं लागेल." पहिल्या खेपेला नीट झालंच नाही. भरडलेले जव तिने तसेच भाजले आणि वड्या अशा झाल्या की सिरीनने एक भिंतीवर आपटली तर भिंतीचा पोपडा निघाला. दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. मग हयातला युक्ती सुचली. जव आधी कुसकुसच्या रव्यासारखे वाफवायचे, ओट्यावर पसरून कोरडे करायचे आणि मग भाजायचे, म्हणजे ते आतून पोकळ होऊन कुरकुरतात. बदामांऐवजी सूर्यफुलाच्या बिया. दोघी संध्याकाळी दारात बसून त्या दाताने सोलत आणि खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांची नक्कल करत. मधाऐवजी खजूर, तोही बाजारात सगळ्यांत खाली दाबून विकतात तो, बियांसकट चिकटलेला. हिवाळ्यात वाळवून ठेवलेली संत्र्याची साल. इतक्यात काम भागत होतं, आणि चव अशी की गेल्या आठवड्यात शेजारच्या वसीलाने खाल्ल्यावर विचारलं होतं, "दुकानातून आणल्यास का गं?"

तदामुनच्या वस्तीत चौथ्या मजल्यावर ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. वसीला आईजवळ बसली होती. ती हयातचा हात बघून म्हणाली, "काय झालं?" "पडले." खदूजा खिडकीजवळच्या खुर्चीत होती. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर सगळी भाषा गेली. आता तिच्याकडे तीनच शब्द होते, 'नको', 'अल्ला' आणि 'आणखी', आणि तेही ती कशाच्याही जागी वापरायची. हयातने हात साबणाने धुतले, मग पुन्हा धुतले, मग किल्ल्याही धुतल्या. सिरीन सरावाहून यायची होती. हयातने खजुराचा गोळा खलात टाकला आणि कुटायला घेतलं. खल तोच होता, बाब सुवीकाचा. बत्ताही तोच. खजूर मऊ होता, इतक्या जोराने कुटायची गरज नव्हती. पण प्रत्येक घावाला दुखऱ्या बोटांतून कळ वर दंडात जायची आणि तिला ती कळ हवी होती. ओल्या खजुराच्या घावाचा आवाज वेगळा असतो. तो आवाज तिने आज दुपारी ऐकला होता. आई, बस. तिने बिया बोटांनी उपसून काढल्या, लगदा थोड्या पाण्यात, थोड्या जैतुनाच्या तेलात शेगडीवर ठेवला, शेजारच्या शेगडीवर तवा ठेवला आणि त्या बाईने दिलेले तीळ त्यात ओतले. हे तीळ मला मारण्याबद्दल मिळाले, असं तिच्या मनात आलं. नुसतं आलं, त्याचं काय करायचं ते तिला कळलं नाही. ते तिथेच तडतडत राहिलं.

मग ती शेजारच्याच खुर्चीतल्या आईला शेगडीकडे पाठ करून भरवायला बसली. खजुराचा कोमट लगदा चमच्यावर, तिला चावायला लागू नये म्हणून. खदूजाने तोंड फिरवलं. हयातने चमचा पुन्हा नेला. "नको." "घे गं आई, गोड आहे." "नको, नको." खदूजाचा डावा हात, जिवंत हात, हवेत फिरायला लागला. चमच्याला लागला आणि लगदा हयातच्या छातीवर सांडला. हयातने तो पुसला. गेली दोन वर्षं ती अशीच पुसत आली होती. आईला धूत होती, उलटवत होती, तिच्या पाठीवरच्या जखमांना तेल लावत होती, आणि त्या वेळी हातांना तिने काहीही वाटू दिलं नव्हतं. लोक म्हणायचे, काय पोरगी आहे, स्वर्ग हिच्या पायाशी येईल. तिसऱ्यांदा चमचा नेला तेव्हा खदूजा खुर्चीतून पुढे झेपावली, हयातच्या खांद्यावरून तो डावा हात लांब गेला, आणि तवा. तवा शेगडीवरून उडाला, कठड्यावर आपटला, आणि तीळ सगळ्या खोलीभर झाले. उंबरठ्यावर, खुर्चीखाली, आईच्या मांडीवर. तीळ जमिनीवर पडताना पावसासारखा आवाज आला आणि तो संपायच्या आत हयातने तिच्या तोंडात मारली होती. पंजा पूर्ण उघडा. खदूजाचं डोकं खुर्चीच्या पाठीला लागलं, डोक्यावरचा रुमाल सरकला आणि खालचे विरळ मेंदीचे केस दिसले, मुळाशी पांढरे. खोलीत करपल्याचा वास होता. खदूजाने हळूहळू मान सरळ केली. लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, रडू नव्हतं. बऱ्याच दिवसांनी कुणी तरी ओळखीचं माणूस घरी यावं तसं काहीसं होतं. ती म्हणाली, "आणखी."

हयातचा हात अजून वर होता. हा शब्द कशाच्या जागी आला होता, हे तिला कधीच कळणार नव्हतं. दारातून सिरीन म्हणाली, "तीळ करपत होते, आई." ती कधी आली, कुठून बघत होती, कोण जाणे; खेळाची पिशवी अजून तिच्या खांद्यावर होती. "मला जिन्यात वास आला. ती तव्याकडे हात करत होती, तुला दाखवत होती. तू बघतच नव्हतीस." सिरीनने पिशवी खाली ठेवली, आजीचा रुमाल नीट बांधला, तिच्या मांडीवरचे तीळ तळहाताने झाडले, गालावर पाण्याचा हात फिरवला. चार बोटं उमटली होती. हयात म्हणाली, "सिरीन, मी..." आणि चमचा उचलायला तिच्या अंगावरून पुढे वाकली. सिरीनने झटकन कोपर वर घेऊन डोकं झाकलं. क्षणभरच. लगेच तिने हात खाली घेतला आणि तिचं तिलाच ओशाळं वाटलं. पण हयातने ते पाहिलं होतं. तो कोपर तिच्या ओळखीचा होता, तो वर कसा घ्यायचा, कानशील आधी कसं झाकायचं, हे त्या तिघी बहिणींना कुणी न शिकवता आलं होतं. ह्या मुलीला तिने जन्मात बोट लावलं नव्हतं. मग हिला कुठून आलं? "माझ्यासाठी त्या वड्या करू नकोस," सिरीन म्हणाली. "संघासाठी कर हवं तर. शब्द दिलायस ना."

केल्या. दुसरं काय करणार होती? जमिनीवरचे न करपलेले तीळ निवडले, पाखडले, पुन्हा गरम केले. जव, बिया, संत्र्याची साल, वरून खजुराचा कढत पाक. ताटात थापल्या, वरून पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून दाबल्या, आणि त्या पातेल्यावर दोन्ही हातांनी भार देऊन ती उभी राहिली, बराच वेळ, कुणाला तरी बुडवून धरावं तशी. दुपारचा तो माणूस ह्या वेळी कुठल्या तरी कोठडीत असेल. तिथेही त्याला मारत असतील, आणि कदाचित तिथेही तो कुणाला तरी आई म्हणत असेल. आपल्याला त्याची कीव येते का, हे तिने आत चाचपून पाहिलं. नाही आली. आलं ते काही वेगळंच. पुन्हा तिथे असावं, ती मूठ पुन्हा भरावी, अशी भूक. ती ओठांवर हात दाबून ओट्याशी उभी राहिली. पलीकडच्या खोलीत सिरीन आजीला काहीतरी वाचून दाखवत होती, आणि आजी मधूनच म्हणत होती, आणखी.

सकाळी सिरीन तिची वाट न बघता निघून गेली होती. हयातने वड्या कापून डब्यात भरल्या, आईला वसीलाकडे सोपवलं आणि ती स्टेडियमवर पोचली तेव्हा पहिल्या फेऱ्या संपत आल्या होत्या. मुलींनी डब्यावर झडप घातली. सी लतीफांनी एक वडी खाल्ली, दुसरी उचलली, तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "लल्ला हयात, हे विकायला काढा हो! उगाच कारखान्यात डोळे फोडून घेताय." सगळ्या हसल्या. सिरीन लांब गवतावर बसून बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. हयातने डबा तिच्याकडे धरला नाही. धरला असता तर तिने नको म्हटलं असतं, आणि मग तो नकार त्या दोघींमधे कायमचा पडून राहिला असता, असं तिला वाटलं. ती वर जाऊन सिमेंटच्या पायरीवर बसली. उन्हाने पायरी तापली होती. खाली मुली रांगेत उभ्या राहिल्या. सिरीनच्या शेजारी सूसा शहराच्या संघाची एक उंच, हिरव्या कपड्यातली मुलगी होती, हरणासारख्या पायांची, आणि बंदूक वाजल्यापासून ती पुढेच होती. सिरीन तिच्या मागे चिकटून. हयातला धावण्यातलं काही कळत नव्हतं, पण मुलीची पाठ कळत होती. लहानपणी ताप असताना ही पाठ अशी ताठ व्हायची. शेवटच्या वळणावर दोघी अगदी जवळ आल्या. आणि तेव्हा सिरीनचा कोपर बाहेर गेला. हात हलवताना जातो तसा नाही. मागे घेऊन, मोजून, बरगडीत. हिरवी मुलगी आतल्या कडेवर कोलमडली, हात न टेकता, तोंडावर. लोक ओरडले, "पडली, पडली!" सिरीन एकटीच पुढे आली आणि छातीने फीत तोडून गेली.

आजूबाजूच्या आया उठून टाळ्या वाजवत होत्या. कुणी तरी हयातच्या पाठीवर थाप मारली, "मुबारक! पोरगी आहे की वाघीण!" त्यांनी पाहिलं नसेल, किंवा पाहिलं असेल. हयात सिरीनच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या लांबूनही तो चेहरा तिला स्वच्छ दिसत होता. वर केलेला, ओठ विलग, सगळं अंग हलकं झालेलं, कुठलंही ओझं नसलेलं. असा चेहरा आपला काल बाजारात झाला असेल. इतका सुंदर. ते ऊन त्या मुलीच्या अंगात आता कसं वाहत असेल, ते जगात फक्त हयातला माहीत होतं. आणि ते ओसरल्यावर काय उरतं तेही. ती उठली. पायऱ्या उतरताना गुडघा ठणकत होता. आपण कुठे चाललो आहोत हे तिने स्वतःला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती थांबली असती. पडलेल्या मुलीला उठवून बसवलं होतं, हनुवटी फुटली होती, पुढच्या दाताचा तुकडा गेला होता. जीभ त्या जागेवर फिरवत ती मुलगी न रडता सारखी विचारत होती, "दात कुठाय? माझा दात कुठाय?" हयात तिच्याजवळून पुढे गेली, छत्रीखाली बसलेल्या पंचांपाशी.

"साहेब, ती पडली नाही. तिला पाडलं."

पंचांनी चष्मा वर केला. "कुणी?"

"पहिली आली तिने. कोपराने. मी पाहिलं."

"बाई, हरलेल्यांचे पालक रोज येतात माझ्याकडे. तुम्ही कोण, सूसाच्या मुलीची आई?"

"नाही. पाडणारीची."

पंचांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मागे धावत आलेले सी लतीफ तिथेच थिजले, आणि मग त्यांचा आवाज खाली, जवळजवळ कुजबुजल्यासारखा आला, "लल्ला हयात, काय करताय? वर्षभराची मेहनत आहे पोरीची. असं कुणी करतं का स्वतःच्या लेकराशी?" तिला वाटत होतं ते शब्दांत आणलं असतं तर खोटं झालं असतं. वळणावर उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचाला बोलावलं गेलं, त्याने आधी पायांकडे बघितलं, मग हो म्हटलं, मलाही वाटलं होतं खरं. कर्ण्यावरून नाव रद्द झाल्याचं सांगितलं गेलं तेव्हा वरच्या पायऱ्यांवरून एका बाईने हयातकडे बघून रिकामी बाटली फेकली. ती लागली नाही.

सिरीनने तिला पाण्याच्या नळांमागे गाठलं. ती पळतच आली, बहुधा शर्यतीत आली त्याहून वेगाने, आणि आली तीच मूठ घेऊन. पहिली बुक्की हयातच्या छातीच्या हाडावर बसली. "तू? तू सांगतेस? काल तू आजीला मारलंस! खुर्चीत बांधल्यासारखी बसलेली असते ती, तिला मारलंस, आणि मला... मला शिकवतेस?" दुसरी खांद्यावर. तिसरी गळ्यापाशी, श्वास अडकला. मुलीच्या अंगाला घामाचा आणि गवताचा वास येत होता, ती रडत होती, शेंबूड ओठावर आला होता, आणि तिच्या मुठी हाडकुळ्या, कठीण होत्या, तिला इतका जोर असेल असं हयातला कधी वाटलं नव्हतं. "मार ना!" सिरीन ओरडली. "मला पण मार! हात आहे ना तुला? मार!" आणि हयातचा उजवा हात खरोखरच हलला. तिने तो पाहिला. कोपरातून वर निघालेला, बोटं आपोआप मिटत चाललेली, तेच ऊन दंडातून खाली उतरत असलेलं. तिने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि तो पाठीमागे नेला, आणि दोन्ही हात तिथे धरून ठेवले. नखं मांसात रुतली. समोर काही उरलं नाही, नुसती छाती उघडी. सिरीन मारत होती. हनुवटीवर एक बसली आणि जीभ चावली गेली, तोंडात खारट आलं. नळावर पाणी प्यायला आलेल्या दोन मुली घाबरून मागे सरल्या, आणि सी लतीफ धावत आले, "ए पोरी! आईवर हात टाकतेस?"

"राहू द्या, सी लतीफ," हयात म्हणाली. "तिचं होऊ द्या."

ते थांबले. सिरीनही थांबली, मूठ वर, छाती वरखाली होत असलेली, आईच्या चेहऱ्यावर काही तरी शोधत असल्यासारखी. हयातने डोळे मिटले नाहीत. पुढची बुक्की आली नाही. मग आली, पण जोर नव्हता तिच्यात, खांद्याला लागून ती मूठ तिथेच राहिली, आणि तिच्या मागोमाग मुलीच्या कपाळाचं ओझं येऊन टेकलं. हयातला तिला जवळ घ्यायचं होतं. पण हातांवर अजून तिचा विश्वास नव्हता. ती तशीच, हात पाठीमागे आवळून, उभी राहिली.